निकाल झाका, आधी अंदाज सांगा!

अहो, बारामती लोकसभेच्या पोटनिवडणुका! एक नाही, दोन नाही, चार! आणि त्यातल्या तीन तर दहा वर्षांच्या आत! हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

बघत होते खासदारांची साधी यादी. वर्ष, नाव, पक्ष, बस्स. बारामती म्हटलं की पुढे काय असणार हे आपल्याला पाठ असतं, त्यामुळे नजर भराभर खाली सरकत होती, आणि मग १९८४ ला शरद पवार, आणि मग लगेच खालच्याच ओळीत १९८५, संभाजीराव काकडे, जनता पक्ष! एका वर्षात! पवार जिंकले त्याच मतदारसंघात, दुसऱ्याच वर्षी, काकडे! निंबूतचे काकडे! मी ती ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. आणि मग उठून येरझारा घालायला लागले.

आधीच सांगते, मी राजकारणाची अभ्यासक नाही. पत्रकारही नाही. बूथनिहाय मतांचे तक्ते मला वाचता येत नाहीत. पण हे सापडलंय आणि आता गप्प बसवत नाही! म्हणून तुम्ही या माझ्याबरोबर. एक खेळ खेळू. निकालाच्या रकान्यावर हात ठेवायचा. निकाल बघायचा नाही! त्या वर्षीच्या बारामतीच्या एसटी स्टँडवर नाहीतर इंदापूरच्या बाजारात जाऊन उभं राहायचं, कानावर काय पडलं असतं ते ऐकायचं आणि मग बोलायचं. कोण येणार?

चला, १९८५! ठेवा हात!

इंदिरा गांधींची हत्या झालीय ३१ ऑक्टोबर १९८४ ला. डिसेंबरच्या लोकसभेत काँग्रेसचे चारशेहून जास्त खासदार. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३! अशा लाटेत समाजवादी काँग्रेसचे शरद पवार चरखा चिन्हावर बारामतीतून निवडून आलेत. आणि मग काही महिन्यांत विधानसभा लागते, पवार बारामतीतूनच आमदार होतात, मुंबईत विरोधी पक्षनेते होतात, आणि दिल्लीची जागा रिकामी! (यालाही नियम आहे बरं का! खासदार असताना आमदार झालात तर चौदा दिवसांत ठरवायचं. आमदारकी सोडली नाही तर खासदारकी आपोआप जाते. चौदा दिवस!)

आता सांगा अंदाज. काँग्रेसची लाट अजून ताजी आहे, मग हात? की पवारांनी लाट अडवून दाखवलीय, मग विरोधी पक्ष? पण विरोधी उमेदवार कोण, तर काकडे! बारामती तालुक्यात काकडे आणि पवार हे समोरासमोरचे गट, हे तिथल्या कुठल्याही पारावर विचारा. आणि मुंबईत मात्र जनता पक्ष आणि समाजवादी काँग्रेस विरोधी बाकांवर शेजारी शेजारी! मग तालुक्यातलं भांडण मोठं की मुंबईतली मैत्री? पवारांची मतं कुठे जाणार? काकडे नवखेही नाहीत, १९७७ च्या जनता लाटेत याच बारामतीतून लोकसभेवर गेलेत. आणि इंदापूर! १९८० ला हीच जागा काँग्रेसला मिळवून दिली होती ती इंदापूरच्या शंकरराव पाटलांनी, म्हणजे तिकडची काँग्रेसची मतं आहेतच की जाग्यावर. बघा, डोकं गरगरायला लागलं ना? काढा हात. काकडे! नांगरधारी शेतकरी! राजीव गांधी पंतप्रधान असताना!

आणि मग गंमत बघा. १९८० ला हात. १९८४ ला चरखा. १९८५ ला नांगरधारी शेतकरी. १९८९ ला शंकरराव पाटील पुन्हा, म्हणजे पुन्हा हात. मतदार तेच, शिवारं तीच, आणि शिक्का मात्र दर वेळी वेगळ्या चित्रावर! बारामती एका बाजूला झुकलेली असते असं म्हणतात ना? हे बघून म्हणा!

थांबा, उठू नका. आता मागे जायचंय. १९६०! हे तर मला झोपूच देईना!

केशवराव जेधे. बहुजन समाजाचे मोठे नेते. शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांत पुढे, आणि मग पुन्हा काँग्रेसमध्ये. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात ते काँग्रेसतर्फे बारामतीतून निवडून आले. १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. समोर शेकाप. म्हणजे वडिलांनी ज्या पक्षाची उभारणी केली तोच पक्ष मुलाच्या विरोधात! एवढ्यावरच मी थक्क झाले होते, आणि मग शेकापचा उमेदवार वाचला. वसंतराव पवार! काटेवाडीच्या पवारांच्या घरातले, शरद पवारांचे थोरले बंधू! आई शारदाबाई शेकापच्या विचारांच्या. आणि धाकटा भाऊ, वय १९, काँग्रेसचा कार्यकर्ता!

सांगा, हा मुलगा काय करणार? घरात सख्खा भाऊ उमेदवार. पक्षात यशवंतराव चव्हाण, मुख्यमंत्री, त्यांनी ही जागा प्रतिष्ठेची केलेली. ठेवा हात, करा अंदाज! शरद पवारांनी आत्मचरित्रात हे लिहिलंय. वसंतरावांनीच त्यांना बोलावून सांगितलं, की तुझा विचार काँग्रेसचा आहे, तू माझ्या विरोधात खुशाल प्रचार कर. आणि त्यांनी तो केला! भावाच्या विरोधात, जीव तोडून! गुलाबराव जेधे निवडून आले.

१९६०! २०२४ ला सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार अशी लढत झाली तेव्हा सगळा देश म्हणत होता की एका घरातली अशी लढाई कधी पाहिली नाही. पाहिली होती! चौसष्ट वर्षांपूर्वी, इथेच, आणि तीही पोटनिवडणुकीत! आणि थोरल्या भावाचं ते मन! मला त्या निकालापेक्षा तो एक निरोपच मोठा वाटतो. राजकारण वेगळं आणि घर वेगळं ठेवायची इतकी स्वच्छ रीत आपल्याच मातीत होती!

आता १९९१. इथे तर एका वर्षात दोन खासदार! मे-जूनच्या निवडणुकीत अजित पवार, वय ३१, बारामतीतून लोकसभेवर. मधेच २१ मे ला राजीव गांधींची हत्या. आणि मग नरसिंह राव पंतप्रधान, शरद पवार मुंबई सोडून दिल्लीत संरक्षणमंत्री, आता त्यांना लोकसभेची जागा हवी, आणि मग पुतण्याने लोकसभा सोडली, काका तिथून निवडून आले, आणि काकांची बारामती विधानसभेची जागा पोटनिवडणुकीत पुतण्याकडे! संगीत खुर्चीतसुद्धा इतकी नीट अदलाबदल होत नाही! त्याच वेळी पंतप्रधान रावही खासदार नव्हते, तेही आंध्रात नंद्यालच्या पोटनिवडणुकीत उभे, आणि तेलुगू देसमने तेलुगू पंतप्रधानासमोर उमेदवारच दिला नाही. राव पाच लाखांहून जास्त मतांनी आले! पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री, दोघेही पोटनिवडणुकीच्या दारातून संसदेत! याचा अंदाज सोपा होता म्हणाल. होता. पण सोपा का होता, हाच तर प्रश्न!

आणि मग मार्च १९९३, मुंबईच्या दंगलींनंतर पवार पुन्हा मुख्यमंत्री, बारामतीची जागा पुन्हा रिकामी, आणि १९९४ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे बापूसाहेब थिटे. वर्षभर जागा रिकामी कशी, असं विचाराल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची ही कायद्यातली अट आलीच मुळी १९९६ ला! मोजा आता. १९८४ ते १९९६, बारा वर्षं, सात निकाल, पाच वेगवेगळे खासदार!

इथे मला एकदम लखकन दिसलं. मी अंदाज बांधताना विचारत होते की लाट कुणाची, उमेदवार कोण, जात कुठली. आणि या चारही वेळा पहिला प्रश्न तो नव्हताच! पहिला प्रश्न असा, की खुर्ची रिकामी का झाली? १९६० ला मृत्यूने. १९८५ ला नेत्याला राज्यात राहायचं होतं म्हणून. १९९१ ला नेता दिल्लीला गेला म्हणून. १९९४ ला तो परत आला म्हणून. मतदार त्या ‘का’ला उत्तर देतो! अंदाज तिथूनच सुरू करायचा!

आणि मग मी हे शेजारी लावून बघायला लागले. सातारा, २०१९! उदयनराजे राष्ट्रवादीतून निवडून आले, काही महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. खुर्ची का रिकामी? पक्ष बदलला म्हणून! १८ ऑक्टोबरला शरद पवारांची भर पावसातली सभा झाली आणि श्रीनिवास पाटील जिंकले. बसलं की नाही गणित! मी टाळीच वाजवली!

आणि मग इंदापूरहून भीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात गेले, पंढरपूर-मंगळवेढा, २०२१. राष्ट्रवादीचे आमदार भारत भालके यांचं निधन झालेलं. मुलगा भगीरथ उभा. सहानुभूती असणारच! पण भाजपचे समाधान आवताडे आले, ३,७३३ मतांनी! आणि कसबा, २०२३! भाजपच्या मुक्ता टिळक यांच्या निधनानंतरची पोटनिवडणूक, १९९५ पासूनचा भाजपचा बालेकिल्ला, आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११,००० मतांनी विजयी! आणि २०२४ च्या विधानसभेला तिथे पुन्हा भाजप! म्हणजे ‘का’ कळला तरी निकाल कळतोच असं नाही. पण म्हणून तर मजा आहे!

ब्रिटनमध्ये तर खुर्ची रिकामी करायची रीतच अजब! तिथल्या खासदाराला १६२४ पासून थेट राजीनामाच देता येत नाही. राजाच्या नोकरीतलं एक नावापुरतं पद मागून घ्यायचं, ते मिळालं की खासदारकी आपोआप जाते! आणि १९६२ मध्ये ऑर्पिंग्टन नावाच्या, हुजूर पक्षाच्या हक्काच्या जागेवर लिबरल पक्षाने पोटनिवडणूक जिंकली तेव्हा तिकडचे अंदाजवालेही आपल्यासारखेच तोंडात बोट घालून बसले असतील! तिकडे यावर कायद्याने पैजा लागतात. आपल्याकडे चहावर!

पण माझं मन पुन्हा पुन्हा इंदापुरात जातं. कारण तिथे अंदाज बांधणं म्हणजे खरी परीक्षा! तिथल्या विधानसभेच्या जागेवर हर्षवर्धन पाटील १९९५ ला अपक्ष, १९९९ ला अपक्ष, २००४ ला अपक्ष! तीनदा अपक्ष निवडून येणं! २००९ ला काँग्रेस. आणि मग दत्तात्रय भरणे आले २०१४ ला, आले २०१९ ला अवघ्या ३,११० मतांनी, आणि २०२४ ला १९,४१० मतांनी. हर्षवर्धन पाटील त्या तीन निवडणुकांत काँग्रेस, भाजप आणि शरद पवारांची राष्ट्रवादी अशा तीन पक्षांकडून लढले. इथे पक्षाचं नाव विचारून काय कळणार? इथे विचारायचं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो? कर्मयोगीला, नीरा-भीमाला की भवानीनगरच्या छत्रपतीला? पाण्याचं आवर्तन वेळेवर आलं का? कारखान्याच्या निवडणुकीत पॅनल कुणाचं आलं? हे प्रश्न माहीत असलेला माणूस भिगवणच्या टपरीवर बसून जे सांगेल ते सांगायला टीव्हीवरच्या पडद्याला जमणार नाही!

आणि एकाच वर्षातली बारामती बघा. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळेंना सुमारे ४८,००० चं लीड. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल, त्याच गावांत अजित पवार १,००,८९९ मतांनी विजयी. साडेपाच महिने! तेच मतदार! दिल्लीसाठी एक मत, मुंबईसाठी दुसरं, आणि दोन्ही पूर्ण विचार करून दिलेली! या मतदाराला गृहीत धरू नका हो! हा माणूस प्रत्येक वेळी प्रश्न नीट वाचून उत्तर लिहितो!

म्हणून माझं एक मागणं आहे, मनापासून. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, तुम्ही कुठलेही असा, घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. विचारा, १९८५ ला आपल्या गावाने कुणाला मतं दिली? का दिली? सभेला कोण आलं होतं? १९६० आठवणारं कुणी असेल तर आणखी नशीबवान! निकालाचे आकडे सरकारी दप्तरात आहेत, ते कुठे जात नाहीत. पण त्या दिवशी पारावर लोक काय म्हणत होते, कुणाचे अंदाज काय होते, हे फक्त या माणसांकडे आहे, आणि ते कुणी लिहून घेतलेलं नाही. वही घ्या, नाव-गाव-वर्ष घाला आणि लिहून ठेवा. आणि पुढची पोटनिवडणूक कुठेही लागली, की आधी खुर्ची का रिकामी झाली ते विचारा, तुमचा अंदाज कारणांसकट कागदावर लिहा, तारीख टाका आणि निकालापर्यंत तो कागद कुणाला दाखवू नका!