मंडईचा मनोरा

घेवड्याच्या पोत्यांवर बसून दिवे घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत पुण्याची मंडई गाठायची. मी तेव्हा आठवी-नववीत. अण्णा आडत्याकडं गेले की बाहेरच्या पटांगणात पोती राखायचं काम माझं. राखता राखता नजर वर जायची. मधोमध आठकोनी मनोरा, ऐंशी फूट उंच, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे आठ बाजूंना गेलेले लांब सोपे. दगडी कमानी, वर उतरती कौलं. आत पाणी प्यायला गेलो की अंगावर गारवा यायचा. छप्पर इतकं उंच की उकाडा वरच्या वरच राही. एवढं मोठं घर भाजीपाल्यासाठी बांधलंय, याचंच मला नवल.

बाहेर आडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. भाव ठरला की पट्टी हातात. अण्णांना वाचता येत नव्हतं, मी वाचायचो. आडत, हमाली, तोलाई. माझ्या दहावीच्या साली घेवडा इतका पडला की सगळं वजा जाऊन ट्रकचं भाडंसुद्धा निघालं नाही. पुढं शिकायचं म्हणजे खोली आली, खानावळ आली. ते राहिलं.

मंडईची गोष्ट पुष्कळ वर्षांनी वाचनालयातल्या पुस्तकात सापडली. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढं उघड्यावर भरे. वासुदेव बापूजी कानिटकरांनी ही इमारत बांधली आणि 1886 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती उघडली. नगरपालिकेत बसून या खर्चाला विरोध केला जोतिराव फुल्यांनी. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. माणूस भाजीपाल्यातलाच बरं का, मांजरीला त्यांची शेती होती. पुढं त्याच मंडईला त्यांचंच नाव दिलं!

घाऊक बाजार तोवर गुलटेकडीला गेला होता. अण्णा थकले होते, ओट्यावर बसून असायचे. त्यांना सगळं वाचून दाखवलं. शाळेचा मजकूर आला तसा माझा आवाज जरा अडला. ते बराच वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "जोतिबांचं खरंय. पण आत गारवा लई होता म्हणायचास तू. मी काय आत कधी गेलोच न्हाई."