हप्ता थकतो तेव्हा

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बँकांच्या ‘कब्जा सूचना’ येतात. कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बहुधा बायकोचं किंवा भावाचं, सदनिका क्रमांक, चतुःसीमा, थकीत रक्कम. नियमानुसार ही सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणजे शेजारीपाजारी, सासर-माहेर, सगळ्यांनाच ती वाचता येते. मी या सूचना नेमाने वाचतो. यातल्या कितीतरी जणांनी चार-सहा महिने आधी बँकेची पायरी चढली असती तर, असं मनात येतंच.

*

हप्ता एक दिवस चुकला तरी खातं वेगळ्या रकान्यात जातं. 30 दिवसांपर्यंत एसएमए-0 (एसएमए म्हणजे लक्ष ठेवायचं खातं), 60 पर्यंत एसएमए-1, 90 पर्यंत एसएमए-2. त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं. सामान्य माणसाला यातला फक्त शेवटचा शब्द ठाऊक असतो, तोही कुणीतरी फोनवर दरडावून सांगतं तेव्हा.

(हे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये तसं बजावलेलं आहे. कर्जदाराने हे पाठच करून ठेवावं.)

*

हप्ता झेपेनासा झाला की मागता येते ती कर्जाची पुनर्रचना म्हणजे कर्जमाफी नव्हे. मुद्दल माफ होत नाही. बदलतं ते एवढंच: मुदत वाढते, व्याजदर कमी होऊ शकतो, काही महिने हप्त्याला विराम मिळतो आणि त्या काळातलं व्याज मुद्दलात चढतं. एकरकमी तडजोड हा निराळा प्रकार. तिची नोंद सिबिलच्या पतअहवालावर ‘सेटल्ड’ अशी राहते आणि पुढचं कर्ज मिळताना आडवी येते.

*

आकडे मांडून पाहू. 30 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं. हप्ता 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं 4,785 रुपयांचं.

हेच कर्ज 30 वर्षांचं केलं तर हप्ता होतो सुमारे 23,067. महिन्याला तीन हजारसुद्धा वाचत नाहीत, आणि व्याज मात्र एकूण 20 लाखांहून जास्त वाढतं. नोकरी गेलेल्या माणसाला नुसत्या मुदतवाढीने काय आधार मिळणार?

विरामाचा हिशेब आणखी जिव्हारी लागणारा आहे. कर्जाच्या सुरुवातीलाच सहा महिने हप्ता थांबवला तर सुमारे 1 लाख 30 हजार रुपये मुद्दलात चढतात. पुढे हप्ता तोच ठेवला, तर 240 च्या जागी 270 हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत 30 हप्ते! तरीही हातात पैसाच नसेल तर विराम घ्यावाच. घर जाण्यापेक्षा ते बरं. फक्त हा हिशेब सही करण्याआधी समोर असावा, आणि तो मांडून दाखवणं बँकेचं काम आहे असं मी मानतो.

*

2020 साली, कोविडच्या काळात, सगळ्या देशाने हा विराम अनुभवला. 1 मार्च ते 31 ऑगस्ट. व्याजावर व्याज लावायचं की नाही यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 23 मार्च 2021 च्या निकालाने त्या सहा महिन्यांसाठी चक्रवाढ व्याज आणि दंडव्याज नको असं ठरलं. त्याआधी 6 ऑगस्ट 2020 ला रिझर्व्ह बँकेने एकवेळची पुनर्रचना खुली केली होती. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवता येई, आणि मुख्य म्हणजे खातं एनपीए धरावं लागत नसे.

ती सूट होती. एरवी नियम असा की कर्जदार अडचणीत आहे म्हणून सवलत दिली, तर चांगलं चाललेलं खातंही एनपीए धरावं लागतं आणि बँकेला संभाव्य बुडितापोटी तरतूद करावी लागते. शाखेत ‘आता अशी काही स्कीम नाही’ हे उत्तर मिळतं, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. समोरचा अधिकारी दुष्टच असतो असं नाही.

*

म्हणून अडचण दारात यायच्या आधी जायचं. तेव्हा मागता येण्यासारखं बरंच असतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जात दर फिरला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्या, असं रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला बँकांना सांगितलं. कर्ज जुनं, 2019 च्या ऑक्टोबरआधीचं असेल तर ते रेपो दराशी जोडलेल्या दरात आणता येतं का, तेही विचारावं. याला कुणी पुनर्रचना म्हणत नाही, सिबिलवर डाग पडत नाही, आणि हप्ता उतरू शकतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. तेव्हा कितीतरी जणांची मुदत त्यांच्या नकळत निवृत्तीच्या पलीकडे सरकली. वर्षातून एकदा खात्याचा उतारा काढून उरलेले हप्ते मोजावेत.

*

अमेरिकेत 2009 साली, घरं धडाधड जप्त होत असताना, सरकारने ‘हॅम्प’ नावाची योजना आणली. तिथलं गणित कर्जदाराच्या मिळकतीपासून सुरू होई: हप्ता मासिक मिळकतीच्या 31 टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याजदर 2 टक्क्यांपर्यंत खाली, मग मुदत 40 वर्षांपर्यंत, तरीही जमलं नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला. तीन महिने नवा हप्ता भरून दाखवला की बदल पक्का. अंमल मात्र निराशाजनक झाला. कागद हरवत, तेच पुन्हा पाठवावे लागत, आणि अर्ज विचाराधीन असतानाच दुसरा विभाग जप्ती पुढे रेटत असे. या दुहेरी कारभाराला 2014 च्या नियमांनी बराच आळा घातला. 120 दिवस थकल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरूच करता येत नाही, आणि त्याआधी पूर्ण अर्ज आला असेल तर त्याचा निकाल आधी लावायचा.

अर्ज आधी, जप्ती नंतर. हा क्रम आपल्याकडे नियमात यायला हवा, असं मला फार वाटतं.

*

आपल्याकडे खातं एनपीए झालं की, गहाण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या 13(2) कलमाची नोटीस येते. थकबाकी भरायला 60 दिवस. लोक ती कपाटात ठेवून देतात. या मुदतीत लेखी हरकत देता येते आणि बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. पुढे 13(4) खाली ताब्याची कारवाई झाली, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये ते पक्कं केलं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट निराळी, तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला येतो.

*

अर्जात काय असावं: मिळकत का घटली, आत्ता किती येते, किती हप्ता झेपेल, आणि केव्हापासून. नोकरी सुटल्याचं पत्र, रुग्णालयाचे कागद, सहा महिन्यांचा बँक उतारा सोबत. आकडा आपणच सांगावा, ‘थोडी सवलत द्या’ एवढंच लिहू नये. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नये.