आंतली रेघ

आपल्याच देशांत फिरावयास परवाना लागतो, ही गोष्ट मला पुस्तकांतून ठाऊक होती. तिचा प्रत्यय आला तो सिल्चरहून ऐझॉलला जातांना. कछारच्या सपाटीवरील चहाचे मळे मागें पडले आणि मिझोरमच्या हद्दीवर, वैरेंगटेच्या नाक्यावर, मोटार थांबली. एका तरुण शिपायानें माझा परवाना शांतपणें वाचला आणि विचारलें, "कशासाठीं आलांत?" त्याच्या स्वरांत उर्मटपणा नव्हता, तरी मला राग आला. पंचवीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या माणसास आपल्याच देशांत असें विचारावें!

घाट चढतांना राग निवळला आणि ते मळे पुन्हां आठवूं लागले. कारण या परवान्याचें मूळ त्यांतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपियन मळेवाले जंगल तोडीत डोंगरांना जाऊन भिडले. ज्या रानांना डोंगरी लोक आपल्या शिकारीची जागा मानीत, तीं चहाखालीं गेलीं. १८७१ सालीं लुशाईंनीं कछारमधील मळ्यांवर धाड घातली. विंचेस्टर नांवाचा मळेवाला मारला गेला आणि त्याची चिमुकली मुलगी मेरी हिला त्यांनीं पळवून नेलें. सरकारनें दोन बाजूंनीं फौजा पाठवून तिला सोडवून आणलें.

पाठोपाठ १८७३ चा 'बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' हा कायदा आला. सपाटीच्या कडेनें एक रेघ ओढावयाची. परवान्यावांचून कोणी तिच्यापलीकडे जावयाचें नाहीं, पलीकडे जमीन घ्यावयाची नाहीं, तेथलें रबर, मेण, हस्तिदंत आणावयाचें नाहीं. वाचतांना हें संरक्षणच वाटतें. परंतु मळेवाल्यांच्या भांडणांचा भार तिजोरीवर पडूं नये, हा त्यांतील मुख्य हेतु. रेघ ओढतांना डोंगरवासीयांस कोणीं विचारलें नाहीं. कुंपणच शेत खातें म्हणतात, त्याप्रमाणें १८८९-९० च्या मोहिमेंत ज्यांनीं ती ओढली त्यांच्याच फौजांनीं ती ओलांडली आणि डोंगर ताब्यांत घेतले. पुढें १९३५ च्या कायद्यानें हा मुलूख 'वगळलेला' ठरला. म्हणजे प्रांतिक विधिमंडळाचा हात तेथें पोंचूं नये अशी तजवीज झाली.

असा हा वारसा पुसूनच टाकावा, असें मीं ऐझॉलला माझ्या यजमानांस सांगितलें. ते निवृत्त शिक्षक. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, कुंपण घालणारा गेला, शेत मात्र आमचें आहे. त्रिपुरांत ही रेघ नव्हती. तेथले डोंगरी लोक आज आपल्याच भूमींत अल्पसंख्य आहेत." मग स्वतःशींच बोलल्यासारखें ते पुढें म्हणाले, "पण याच रेघेमुळें आमचीं घरें बांधणारा परका मजूर इथें वर्षानुवर्षें राहूनही परकाच राहतो. तें मला नेहमीं बरें वाटतें असें नाहीं."

मला उत्तर सुचलें नाहीं. २०१९ च्या डिसेंबरांत मणिपूरलाही हा परवाना लागू झाला, तो तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें मागितल्यावर. साहेबाचें हत्यार त्यांना आपलें कां वाटावें, याचा उलगडा मला त्या शिक्षकांच्या ओसरीवर थोडासा झाला.

परततांना वैरेंगटेचा नाका पुन्हां लागला. त्या शिपायाचा प्रश्न मला आठवला. 'कशासाठीं आलांत?' हा प्रश्न खरें तर पहिल्या मळेवाल्याला विचारावयाचा होता. दीडशें वर्षांनीं तो विचारला गेला, आणि उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली, इतकेंच.