बोटीवर कोण जातंय!

आमच्या वैजापुरात पैसा नाही असं कुणी समजू नका. कांदा आहे, कापूस आहे, आडत आहे, समृद्धी महामार्गात जमिनी गेलेल्यांना मोबदलाही मिळाला. मंडळी दुबई-थायलंड करून येतात. पण बोटीच्या सहलीला गेलेला गाववाला मला अजून भेटायचाय.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया बोट गोव्याला, लक्षद्वीपला जाते. रोटेगावला रेल्वेत बसलं की मुंबई. मग अडतं कुठं?

दिवाळीत मामांना विचारलं. मामांची आडत आहे, युरोप करून आलेत.

"तीन दिवस बोटीत बसून बघायचं काय? पाणी?"

कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या तालुक्यातल्या माणसानं हे म्हणावं! :-)

मामींचं म्हणणं, त्या बोटीवर नुसता धिंगाणा असतो. बरोबरच आहे, बोट सुरू झाली आणि लगेच ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्यावर अमली पदार्थांची धाड पडली. टीव्हीवर तेव्हा दुसरं काही नव्हतंच. मामींनी बोट पाहिली ती तेवढीच.

खरं कारण मामा जेवताना बोलून गेले. "मधेच उतरता येत नाही रे."

आजोबा गेले तेव्हा मामा नागपूरला लग्नात होते. ते पोचेपर्यंत सगळे खोळंबले होते. आता आजी नव्वदीला टेकली आहे. युरोपातसुद्धा मामांच्या खिशात एक चिठ्ठी असायची, कुठल्या गावाहून परतीचं विमान कधी आहे त्याची. बोट किनारा सोडून आत गेली की मोबाईलची रेंजही जाते. मामांना ते नको.

चीनमधल्या पैसेवाल्यांचंही असंच काहीसं असावं. शांघायहून बोटी सुटतात, जानेवारी २०२४ पासून तर त्यांनी स्वतः बांधलेली 'अडोरा मॅजिक सिटी' सुद्धा. पण तिथल्या कायद्यानं दहा वर्षांच्या आत नोकरी झालेल्याला वर्षाला पाचच दिवस भरपगारी रजा. त्यात किती लांब जाणार? शिवाय एकुलत्या एका मुलाच्या जिवावर दोन म्हातारी माणसं. मामांना रजा द्यायला साहेब नाही, तरी ते अडकलेलेच.

असो. मी म्हटलं, आजीलाच बोटीवर घेऊन जाऊ.

आजी पलंगावरून म्हणाली, "मला सराला बेटावर न्या. ते पण पाण्यातच हाये."

गोदावरीतलं गंगागिरी महाराजांचं बेट, आमच्याच तालुक्याच्या कडेला. मामांनी लगेच ड्रायव्हरला फोन लावला.