अर्धा किलो खिमा

खिमा हा आमच्या घरातला घाईच्या दिवसाचा पदार्थ. बिर्याणी रविवारची, पाये थंडीतल्या सुट्टीचे, निहारीला तर रात्रभर मंद आच हवी. पण मंगळवार-बुधवारी आम्ही दोघंही दमून सानपाडा स्टेशनच्या पायऱ्या उतरतो, मगरीब उलटून गेलेली असते, मुलांचा अभ्यास अर्धवट असतो, तेव्हा घरात खिमा असला की पाऊण तासात दस्तरखान पसरता येतो. महाराष्ट्रातल्या नोकरदार मुस्लिम घरांत आठवड्यातून एकदा तरी हे घडतं. या अंकाच्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको.

शब्द तुर्की ‘कियमा’वरून फारसीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. अर्थ साधाच, बारीक चिरलेलं मांस. मराठीने ‘क’चा ‘ख’ केला आणि शब्द इतका आपलासा केला, की आयुष्यात कधी खिमा न चाखलेला माणूसही रागाच्या भरात ‘खिमा करून टाकीन’ म्हणतो. म्हणजे भाषेत तो सगळ्यांचा झाला आहे. ताटात मात्र अजून आमच्यासारख्यांचाच आहे.

खिमा लवकर का शिजतो, याचं उत्तर सुऱ्यात आहे. मोठ्या जनावराच्या मांसाचे धागे जाड, त्यात चिवट पडदे आणि शिरा. अख्खे तुकडे मऊ व्हायला तास-दीड तास लागतो. खिमा करताना सुरा किंवा मशीन ते धागे आधीच तोडून टाकतं, त्यामुळे विस्तवाचं निम्मं काम झालेलं असतं. मान, खांदा असे चिवट आणि म्हणून स्वस्त भागही खिम्यात खपून जातात. हाड नाही, वाया जाणं नाही. अर्ध्या किलोत मटार, बटाटा किंवा चणाडाळ घातली की सहा माणसं पोटभर जेवतात. आमच्या आयांच्या पिढीने या गुणाला ‘बरकत’ म्हटलं. आम्ही गॅसच्या सिलिंडरचा आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडतो तेव्हाही तोच शब्द वापरावासा वाटतो.

आमच्या घरात खिम्याच्या दोन परंपरा एकत्र नांदतात. आमच्यातली एक दापोलीकडची, एक सोलापूरचा. दापोलीच्या खिम्यात ओलं खोबरं वाटून पडतं, शेवटी दोन आमसुलं, आणि सोबत तांदळाची भाकरी. सोलापूरच्या खिम्यात सुकं खोबरं भाजून, काळं तिखट, वर तेलाचा तवंग, आणि सोबत कडक ज्वारीची भाकरी. लग्नानंतर पहिली काही वर्षं कोणाचा खिमा खरा यावर वाद झाले. सानपाड्यात येऊन दोन्ही बाजूंनी शस्त्रं खाली ठेवली, कारण नारळ खवायला आणि खोबरं भाजायलाही संध्याकाळी वेळ उरला नाही. आता आठवड्याच्या मधल्या दिवसांतला खिमा म्हणजे तीन कांदे, दोन टोमॅटो, आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला. कांदा लाल झाला की खिमा टाकायचा, मोठ्या आचेवर परतत राहायचं. त्याला स्वतःचं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत वरून थेंबही घालायचा नाही. म्हशीचा खिमा कमी चरबीचा आणि गडद असतो. तो थोडा हट्टी म्हणून शेवटी कुकरच्या तीन-चार शिट्ट्या.

सानपाड्याला लागूनच तुर्भ्याचा कृषी उत्पन्न बाजार आहे. थंडीत वाटाणा स्वस्त झाला की खिमा-मटार आणि कोपऱ्यावरच्या बेकरीचे पाव. मेथी आली की खिमा-मेथी. शेपूची जुडी मिळाली तर शेपूचा खिमा. शेपूला नाक मुरडणारी मुलंही तो बोटं चाटून खातात. पावसाळ्यात भाज्या महागल्या की चणाडाळ भिजत घालायची. शनिवारी सकाळी उरलेल्या खिम्याबरोबर मसूरची खिचडी आणि चिंचेचा खट्टा. ही जोडी मराठवाड्यातल्या एका शेजारणीने शिकवली, तिकडे ती हैदराबादी अमलापासूनची न्याहारी. तरीही दोन चमचे खिमा उरलाच, तर सोमवारच्या डब्यात ब्रेडमध्ये दाबून तव्यावर भाजायचा.

इथवर सगळं सोपं. अवघड भाग चुलीच्या अलीकडचा आहे, दुकान ते घर एवढ्याच अंतराचा.

आम्ही खिमा गोवंडीला घेतो. देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना १९७१ पासून तिथे जवळच आहे, आणि हार्बर लाईन आमच्या रोजच्या वाटेवरचीच. दुकानदार विचारतो, “भाभी, मशीन का के हात का?” हाताचा म्हणजे लाकडी ओंडक्यावर दोन सुऱ्यांनी ठोकलेला. त्याला वेळ लागतो, पण चव त्यालाच. आम्ही तुकडा आधी निवडतो, धुऊन घेतो आणि डोळ्यांसमोर खिमा करवतो. कारण एकदा खिमा झाला की तो धुता येत नाही, पाण्याबरोबर रसही निघून जातो. शिवाय मांसाच्या वरच्या बाजूला असलेले जंतू दळताना आतवर मिसळतात. म्हणून खिमा बाहेर फार वेळ ठेवू नये, आणि शिजवताना गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत शिजवावा. हे नियम सगळ्या जगातल्या खिम्याला लागू आहेत.

त्यापुढचे नियम फक्त आमचे. पिशवी दुहेरी. बाहेरची पिशवी कपड्याच्या दुकानाची. दुकानाचं बिल घेऊन पाकिटात ठेवायचं, त्यावर म्हशीचं मांस असं लिहून घ्यायचं. मानखुर्द गेलं की वाशीपर्यंत खाडीवरचा मोठा पूल लागतो, मध्ये स्टेशन नाही. त्या काही मिनिटांत पिशवी पायाशी घेऊन उभं राहताना काय वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. आम्हाला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. पण विचारलं तर काय सांगायचं, याची तालीम मनात होतच असते.

कायदा काय म्हणतो, ते आम्ही मुद्दाम समजून घेतलं. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती करून ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली. राष्ट्रपतींची संमती यायला वीस वर्षं लागली आणि मार्च २०१५ मध्ये ती अमलात आली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. पुढे ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, अशी तरतूदही काढून टाकली.

म्हणजे कायद्याने पुराव्याचं ओझं आमच्या खांद्यावरून उतरवलं. रेल्वेच्या डब्यात ते पुन्हा आमच्याच पिशवीत येऊन बसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातले एक वृद्ध गृहस्थ धुळे-मुंबई एक्स्प्रेसने कल्याणला मुलीकडे निघाले होते. सोबत बरण्यांमध्ये मांस होतं. इगतपुरीच्या आसपास तरुणांच्या टोळक्याने त्यांना घेरून मारलं. म्हशीचं आहे, असं ते सांगत होते. ती चित्रफीत देशभर फिरली. आम्ही ती एकदाच पाहिली. मारणाऱ्यांपेक्षा आमच्या लक्षात त्या बरण्या राहिल्या. लेकीच्या घरी जाताना बाप रिकाम्या हाताने जात नाही, एवढीच ती गोष्ट होती.

आणि खिमा तर या संशयाला सगळ्यात जवळचा. अख्ख्या मांसात जाणत्या माणसाला फरक दिसतो. म्हशीचं मांस गडद, चरबी पांढरी. गाई-बैलाची चरबी पिवळसर. पण दळलं, मिसळलं, की डोळ्यांनी काही सांगता येत नाही, मग प्रयोगशाळा लागते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माणसाचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ज्या बारीक चिरण्यामुळे हा पदार्थ आमच्यासाठी सोपा झाला, त्याच बारीक चिरण्यामुळे तो आमच्यासाठी धोक्याचा झाला.

याचा परिणाम आधी आमच्या जिभेवर झाला. आमच्या समाजात पूर्वीपासून ‘मोठ्याचं’ आणि ‘छोट्याचं’ म्हणतात. मोठ्याचं म्हणजे कोणाचं, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. नाम गाळून नुसतं विशेषण ठेवायचं, ही आमच्या वडीलधाऱ्यांची सभ्यता होती. शेजाऱ्याचं मन दुखू नये म्हणून त्यांनी ती पाळली, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण गेल्या दहा वर्षांत विशेषणही गळालं. डब्यात काय आहे विचारलं तर आम्ही ‘भाजी’ म्हणू लागलो. घर भाड्याने शोधताना ‘तुम्ही नॉनव्हेज रोज करता का?’ या प्रश्नाला ‘कधीतरी’ म्हणू लागलो. एके दिवशी धाकट्याने शाळेतून येऊन विचारलं, “अम्मी, खिमा म्हणू का मटार म्हणू?” दहा वर्षांच्या मुलाला आपल्या जेवणासाठी दोन नावं ठेवावी लागत होती, एक घरातलं आणि एक बाहेरचं. आम्ही त्याला सांगितलं, “खिमा म्हण. विचारलं तर म्हशीचा म्हण. कोणाला आवडत नसेल तर त्याच्यापासून जरा लांब बसून खा, पण खोटं बोलू नकोस.” सांगितलं खरं, पण त्या रात्री आम्हा दोघांनाही लवकर झोप आली नाही.

जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. गाड्या अडवणं, मारहाण, पैसे उकळणं याविरुद्ध ते आंदोलन होतं. आमच्या नेहमीच्या दुकानाचं शटर खाली होतं. घरात मसूर, अंडी आणि बोंबील यांवर दिवस निघाले, त्याचं काही नाही. पण त्या काळात बाजारात जनावर विकायला नेलेला शेतकरी ते परत घेऊन येत असल्याच्या बातम्या वाचल्या, आणि आमच्या कढईतला अर्धा किलो खिमा किती दुरून येतो ते लक्षात आलं. भाकड म्हैस विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून शेतकरी दुभती घेतो. त्या व्यवहारात हिंदू शेतकरी आहे, मुस्लिम व्यापारी आहे, टेम्पोवाला आहे, कातडं कमावणारा आहे. साखळीची एक कडी रस्त्यात अडवली की सगळ्यांचीच चूल मंदावते.

मराठीत या अन्नावर लिहिलेलं फार थोडं आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची त्यांनी पदार्थांसकट आणि विनासंकोच नोंद केली. ते वाचताना वाटलं, आपण मराठीत बोलतो, मराठीत भांडतो, मराठीत लेकरांना जेवायला हाक मारतो, मग आपली कढई मराठीत का लिहिली जाऊ नये? उरूस, कव्वाली, ईदचा शीरखुर्मा यांवर आपण बरंच लिहिलं. ते पाहुण्यांना वाढण्यासारखं होतं. मंगळवारच्या रात्रीचं साधं जेवण, जे आपण दार लावून खातो, ते वहीबाहेरच राहिलं.

थोरली यंदा शिकायला पुण्याला गेली. चार मुली मिळून खोली घेऊन राहतात, आळीपाळीने रांधतात. तिला वही करून दिली, त्यात पहिलं पान खिम्याचं. लिहिताना ‘साहित्य’ या शब्दाखाली क्षणभर पेन थांबलं, कारण वही चौघींच्या ओट्यावर पडून राहणार, कोणीही उघडणार. मग जसं आहे तसं लिहिलं. म्हशीचा खिमा, अर्धा किलो, समोर करून घेतलेला. कांदे तीन, टोमॅटो दोन, मटार एक वाटी. खाली दापोलीचं आमसूल आणि सोलापूरचं काळं तिखट, दोन्ही, ‘मिळेल ते’ म्हणून. परवा तिचा फोन आला. खोलीतली एक मैत्रीण खात नाही, तिच्यासाठी त्याच मसाल्यात नुसते मटार वेगळ्या पातेल्यात केले. उरलेल्या दोघींनी खिमा खाल्ला, आणि त्यातली एक विचारत होती की शेपू घालतात ते कधी घालायचं.

पाणी आटल्यावर, कुकर लावायच्या आधी. वहीत ते राहून गेलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.