मे महिन्यात बंद केलेली गोळी

उत्तरायणाला दोन दिवस राहिले होते. मांजाच्या फिरक्या आदल्या रात्रीच गच्चीवर नेऊन ठेवल्या होत्या. बाबा नेहमीप्रमाणे पहाटे साडेपाचला उठले आणि मागच्या अंगणात गार पाण्याने अंघोळीला बसले. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी फर्स्ट शिफ्टची वेळ त्यांच्या अंगातून गेली नव्हती. गार पाण्यावरून आई रागावली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "धुळ्याच्या थंडीपुढे बडोद्याची थंडी ती कसली!"

त्या दिवशी दुसरा तांब्या अंगावर घेतला आणि ते ओरडले. मी धावत गेले तर ते भिंतीला धरून उभे होते, तोंड पांढरंफटक. "पाठ फाटली गं माझी," एवढंच म्हणाले. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी कापड टराटरा फाडावं तशी कळ. हळूहळू वाढलेली नाही, पहिल्याच क्षणी सगळी.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक निघाला, म्हणून गॅसचं इंजेक्शन देऊन घरी जायला सांगितलं. पण कळ आता खाली कमरेकडे सरकत होती आणि बाबांचा डावा हात उजव्यापेक्षा गार लागत होता. मी १०८ला फोन लावला. उंडेरा, गोरवा ओलांडून शहरात पोहोचेपर्यंत आईने त्यांचा तो गार हात आपल्या शालीत धरून ठेवला होता.

शहरातल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्या हातात वरचा आकडा १९६, डाव्यात १४८. लगेच सीटी अँजिओग्राफी झाली. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. त्यातला आतला थर फाटला होता आणि रक्त थरांच्या मधे शिरून वाट करत खाली चाललं होतं. फाट हृदयाजवळच्या भागात असती तर तातडीने छाती उघडावी लागली असती. अशा रुग्णांसाठी तासातासाला धोका वाढत जातो. बाबांची फाट पाठीकडून उतरणाऱ्या भागात होती. शिरेतून औषधं देऊन वरचं बीपी १२०च्या खाली आणि नाडी ६०च्या आसपास ठेवायची, भिंतीवर जोर येऊ द्यायचा नाही, हा त्यावरचा उपचार. बाबा सहा दिवस आयसीयूत होते. संक्रांत बाहेरच्या बाकावर गेली. शेजारच्या गच्च्यांवरून "काप्यो छे!"च्या आरोळ्या येत होत्या आणि मी काचेपलीकडच्या मॉनिटरवरचे आकडे वाचत होते.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "गार पाण्याने झालं का हे?"

ते म्हणाले, "थंडीने धक्का दिला. पण भिंत कमजोर आधीच झालेली होती. बीपीची गोळी रोज घेत होते ना?"

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

बाबांनी गोळी मे महिन्यात बंद केली होती. उन्हाळ्यात त्यांना उठताना चक्कर यायची. मेडिकलवाल्याकडे बीपी मोजलं तर ११० निघालं. बीपी गेलं, आता गोळी कशाला, असा त्यांनी हिशेब केला. डॉक्टरांनी तो हिशेब कुठे चुकला ते समजावलं. उन्हाळ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे बीपी उतरतं. थंडीत त्याच वाहिन्या आखडतात, शरीर ऊब आत राखायला पाहतं, आणि बीपी चढतं. पहाटे उठताना ते तसंही वर जातं. त्यात एकदम गार पाणी. मेमधला आकडा मेपुरताच खरा होता. बाबांनी तो जानेवारीतही खरा धरला.

पुढे मी याबद्दल मिळेल ते वाचलं. महाधमनी फाटलेल्या रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६पासून ठेवली जाते. २००२ साली त्या नोंदी तपासल्या, तेव्हा सकाळी सहा ते दुपारी बारा ही वेळ आणि हिवाळा हा ऋतू सर्वांत जड निघाला, महिन्यांत जानेवारी. या आजारावरच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे अमेरिकी शल्यविशारद मायकेल डीबेकी यांची स्वतःची महाधमनी फाटली तीही ३१ डिसेंबर २००५ला, वयाच्या ९७व्या वर्षी. त्या शस्त्रक्रियेनेच ते वाचले. उन्हाळाही निर्धोक नाही. मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसं गेली, आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. अंगातलं पाणी आटलं की रक्त दाटतं आणि हृदयावरचा ताण वाढतो, मेंदूकडच्या वाहिनीत गाठ अडकू शकते. हवा माणसाला एकटी मारत नाही. जिथे आधीच कमजोरी आहे, तिथे ती जोर लावते.

हे सगळं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्याआधी कळलेलं होतं. म्हणाले, "उत्तर गुजरातचं क्रूड जाड. थंडीत लाइनमधे घट्ट व्हायचं, म्हणून लाइनला वाफ द्यावी लागे. तीच लाइन, तेच क्रूड, पण डिसेंबरात मे महिन्यासारखी चालवायची नाही, हे मी नव्या पोरांना शिकवलं." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "स्वतःचं नाही बघितलं."

घरी आल्यावर त्यांनी एका वहीत लॉगशीट आखली. तारीख, वेळ, पहाटेचं तापमान, उजव्या हाताचं बीपी. आता अंघोळ कोमट पाण्याने, ऊन अंगणात आल्यावर. पुढच्या मेमधे पुन्हा चक्कर आली, तेव्हा बाबा वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि सांगितलं, "दसऱ्याला पुन्हा या." आईने कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकोनात लाल पेनने खूण केली. दसऱ्यानंतर गोळी पुन्हा पूर्ण झाली.

ती वही मी कधीकधी उघडते. जूनच्या पानावर ११८, ११६, १२०. जानेवारीच्या पानावर, पूर्ण गोळी चालू असताना, १२८, १३२, १३०. शेजारच्या रकान्यात ११ अंश, १२ अंश. बाबांच्या शिफ्टच्या सवयीतलं नीटस अक्षर, खाली रोजची सही. एकही सकाळ कोरी नाही.