पंधरा मिनिटांत लंडन



लेक नोकरीसाठी अ‍ॅमस्टरडॅमला आहे. पहिल्या वर्षी संवत्सरीचं प्रतिक्रमण तिने खोलीत एकटीने केलं आणि फोनवर खूप रडली. म्हणून मागच्या वर्षी तिने ठरवलं, लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बारजवळ ओशवाल समाजाचं देरासर आहे, तिथे सगळ्यांबरोबर बसायचं. सुट्टी मिळाली ती त्या एकाच दिवसाची.

तिने विमानाची वेळ पाठवली. निघणार १ वाजता, पोहोचणार १.१५ ला. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं? आपल्याला आळंदीहून चाकणला जायला यापेक्षा जास्त लागतात!"

लेक हसली. तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते आणि लंडनचं घड्याळ एक तास मागे. म्हणजे प्रवास सव्वा तासाचा, अंतर सरळ रेषेत साधारण ३७० किलोमीटर. पण दोन तास आधी विमानतळावर जायचं, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग पुढची गाडी. घरापासून देरासरापर्यंत पाच-सहा तास धरायचे.

माझा जीव मात्र पाण्यात अडकला होता. तिचा तिविहार उपवास, सूर्यास्तापर्यंत फक्त उकळलेलं पाणी. भरलेली बाटली विमानतळाच्या तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. सासूबाई चिडल्या, "चातुर्मासात प्रवास कमी करायचा असतो. घरीच कर." लेकीने फोन ठेवला. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत.

आपल्या माउलींची पालखी पंढरपूरचे सुमारे २५० किलोमीटर अठरा-वीस दिवसांत चालते. महासतीजी रोज १५-२० किलोमीटर विहार करतात. त्या हिशेबाने हे अंतर तीन आठवड्यांचं. पण मध्ये समुद्र. पायी चालणाऱ्या साध्वी तिकडे पोहोचणारच नाहीत. मग तिथल्या श्रावकांनीच एकमेकांना धरून राहायचं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "रेल्वे नाही का?"

आहे! समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी. सुमारे चार तास लागतात, पण पाण्याची बाटली जवळ ठेवता येते. शिवाय ती सेंट पँक्रसला उतरवते आणि शेजारच्याच किंग्ज क्रॉसहून पॉटर्स बारची गाडी मिळते. सगळं धरून वेळ जवळजवळ विमानाइतकाच. लेक पहाटे पाणी उकळून, गार करून, दोन बाटल्या भरून निघाली.

त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो. प्रतिक्रमण संपल्यावर तिचा फोन आला. मी घ्यायच्या आत सासूबाईंनीच उचलला आणि तिच्या आधी म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं, बाळा. पाणी पुरलं ना?"

तुमचीही मुलं परदेशी असतील तर तिकिटावरच्या दोन वेळा नुसत्या वजा करू नका, घड्याळातला फरकही धरा. आणि उपवास असेल तर पाण्याची सोय आधी विचारा.